शंभर भागधारक आणि एक वकील

कंपनीत घोटाळा झाला की गुंतवणूकदारांचा वकील तिला कोर्टात खेचतो, कोट्यवधींची भरपाई मिळवतो आणि त्यातला मोठा हिस्सा आपल्या खिशात घालतो, असे चित्र अनेकांच्या मनात असते. हे चित्र अमेरिकेतले आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही मागता येत नाही. दोन देशांतला फरक सत्यम कॉम्प्युटर्स या माहिती तंत्रज्ञान कंपनीच्या घोटाळ्यात दिसला. 7 जानेवारी 2009 रोजी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबुली दिली की ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड आणि बँकशिल्लक प्रत्यक्षात नाही. अमेरिकेत सामूहिक दावे झाले आणि 2011 मध्ये सत्यमने साडेबारा कोटी, तर लेखापरीक्षकांनी 2 कोटी 55 लाख डॉलर देऊन तडजोड केली. भारतातल्या भागधारकांच्या संघटनेने राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, पण दोन्हीकडून ती रिकाम्या हाताने परतली.

यावरून आपल्याकडे सामूहिक दाव्याचा कायदाच नाही, असा दुसरा गैरसमज रुजला. 2009 मध्ये ते खरे होते. पुढे 2013 च्या कंपनी कायद्यात कलम 245 आले, ते 2016 मध्ये अमलात आले आणि किती जणांनी एकत्र यायचे हे 2019 मध्ये ठरले: 100 सभासद किंवा एकूण सभासदांपैकी 5 टक्के, यातला जो आकडा लहान असेल तो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत 2 टक्के भांडवल हाती असले तरी चालते. भरपाई कंपनी आणि संचालकांकडूनच नव्हे, लेखापरीक्षक आणि सल्लागारांकडूनही मागता येते. त्यामुळे मोबाइलवर डिमॅट खाते उघडून दहा शेअर घेतलेला कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या बाजारकुणंगचा माणूसही अशा शंभरांत असू शकतो. दाद मागायची ती कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या राज्यात आहे तिथल्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे. दांडेलीच्या वेस्ट कोस्ट पेपर मिलसारखी कर्नाटकातली कंपनी असेल तर बंगळुरूला (हे उदाहरण फक्त ठिकाण कळावे म्हणून).

मग असे दावे लढवणारे वकील आपल्याकडे इतके कमी का? मला वाटते, या कामाचा खरा भार युक्तिवादात नसून त्याच्या आधीच्या जुळवाजुळवीत आहे. शंभर अनोळखी माणसे शोधायची, प्रत्येकाचे डिमॅट विवरण आणि कॉन्ट्रॅक्ट नोट मिळवायची, कोणी कधी काय भावाने घेतले याचा तक्ता मांडायचा. मग वार्षिक अहवालातल्या टिपा वाचायच्या. संचालकांच्या नातलगांच्या कंपन्यांशी झालेले व्यवहार तिथेच बारीक अक्षरात छापलेले असतात. नुसता भाव पडला म्हणून दावा उभा राहत नाही. कारभार कंपनीच्या, सभासदांच्या किंवा ठेवीदारांच्या हिताविरुद्ध चालला हे कागदावरून दाखवावे लागते. महिनोन्‌महिने चालणाऱ्या या कामाचे पैसे दहा शेअरवाला कुठून देणार?

यावर सरळ सुचवला जाणारा उपाय म्हणजे टक्केवारीची फी खुली करा. सूचना वजनदार आहे, कारण अमेरिकेत छोट्यांचे दावे उभे राहिले ते त्याच जोरावर. पण तिथे वकिलाचा हिस्सा एकेका अशिलाच्या हिश्शापेक्षा कितीतरी मोठा असतो आणि लवकर तडजोड करण्याचा मोह त्यालाच अधिक पडतो. म्हणूनच अमेरिकी काँग्रेसने 1995 मध्ये कायदा करून दाव्याचे नेतृत्व साधारणपणे सर्वांत जास्त नुकसान झालेल्या गुंतवणूकदाराकडे दिले आणि वकील निवडणेही त्याच्याकडे सोपवले. आपल्याकडे दुसरी वाट आहे. गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीतून सामूहिक दाव्याचा खर्च न्यायाधिकरणाच्या मंजुरीने परत मिळू शकतो. अडचण ही की तो आधी करावा लागतो. दावा दाखल करून घेतानाच यातला काही भाग हाती पडला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. खोट्या दाव्यांचा पूर येईल ही भीती मला पटत नाही, कारण अर्जदारांचा हेतू प्रामाणिक आहे का हे न्यायाधिकरण सुरुवातीलाच तपासते आणि त्रास देण्यासाठी केलेल्या अर्जावर एक लाखापर्यंत खर्च लादू शकते.

आणखी एक घोळ गावोगाव दिसतो: बुडालेली कोणतीही ठेव अशाच दाव्याने मिळेल असे लोकांना वाटते. पण बँकिंग कंपन्यांना कलम 245 लागू नाही आणि पतसंस्था ही कंपनीच नव्हे, त्यामुळे तिथे बुडालेली ठेव या मार्गाने मिळणार नाही. बुडव्या वित्तीय संस्थांसाठी कर्नाटकात 2004 चा आणि महाराष्ट्रात 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा आहे. त्यांत मालमत्ता जप्त होते आणि विशेष न्यायालय ती ठेवीदारांकडे वळवू शकते. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजमध्ये (एनएसईएल) 2013 साली सुमारे 13,000 जणांचे 5,600 कोटी अडकले, तेव्हा लढाई महाराष्ट्राच्या याच कायद्यावर झाली आणि तो लागू होतो हे एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

सीमाभागापुरती एक बाब मात्र कायद्याने अजून लक्षात घेतलेली नाही. सामूहिक दावा दाखल करून घेतल्याची जाहीर सूचना राज्याच्या मुख्य भाषेतल्या आणि इंग्रजी वृत्तपत्रात छापावी लागते; कर्नाटकात म्हणजे कन्नडात. निकाल सगळ्या सभासदांना बांधतो, बाहेर पडायचे तर न्यायाधिकरणाची परवानगी लागते. जोयड्यातल्या मराठी वाचणाऱ्या भागधारकाला ती सूचना मराठीत मिळावी, ही मागणी अशा दाव्यातल्या वकिलाने पहिल्याच तारखेला करायला हवी.