कराटेच्या वर्गातील पहिले दिवस

मुलगा चौदा वर्षांचा आहे, कराटे शिकायचे म्हणतो आणि वर्गाच्या दारापर्यंत जाऊन परत येतो, काय करावे, असे एका भगिनीने मंडळाच्या बैठकीनंतर आम्हांस विचारले. उभ्या उभ्या उत्तर देता आले नाही, म्हणून हा लेख.

दारातून परत येणे आम्हांस चांगले ठाऊक आहे. १९९१ साली आम्ही दोघे मित्र पुण्यातील एका शाळेच्या मैदानावर भरणाऱ्या वर्गाच्या फाटकाशी सलग दोन रविवार उभे राहून घरी आलो होतो. ठोसा बसेल ही भीती होतीच. पण तिच्यामागे दुसरी होती. नाव विचारतील, मग आडनाव, मग राहता कोठे? तिसऱ्या रविवारी आत गेलो. सरांनी वय विचारले, काही दुखणे आहे का विचारले आणि रांगेत शेवटी उभे केले. ती रांग पट्ट्याच्या रंगाप्रमाणे लागते. शेवटी उभे राहण्याचे कारण एवढेच होते की आम्ही सर्वांत नवे होतो. असे कारण आम्हांस फार ठिकाणी मिळाले नव्हते.

ओकिनावा बेटावरील ही विद्या गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ मध्ये टोकियोत दाखविली. पांढरा पोशाख व पट्ट्यांची पद्धत त्यांनी ज्यूदोचे जनक जिगोरो कानो यांच्याकडून घेतली. पांढरा पट्टा म्हणजे नवशिका. त्याच्याकडून कोणी काही अपेक्षा करीत नाही, हे मुलांना आधीच सांगावे.

पहिल्याच दिवशी कोणी मारामारीस उभे करीत नाही. आरंभी मूठ वळण्यास शिकवितात. घाबरलेला मुलगा अंगठा बोटांच्या आत दडवितो. तशा मुठीने ठोसा मारला तर अंगठाच दुखावतो. तो बाहेरून, बोटांवर आडवा ठेवावा लागतो. मग घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभे राहणे येते. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या काय बोलतात ते विचारू नये! जोडीदारासमोर उभे राहणे पुष्कळ नंतरचे, आणि तेव्हाही बहुतेक वर्गांत वार अंगाजवळ थांबवावयाचा असतो.

भीतीचा अंमल श्वासावर होतो. नवखा मुलगा श्वास रोखून धरतो, अंग ताठ होते आणि दोन मिनिटांत दम लागतो. ठोशाबरोबर ओरडावयास लावतात ते याचसाठी. ओरडताना श्वास आपोआप बाहेर पडतो. आमचा आवाज पहिला महिनाभर घशातच राहिला. लाजाळू मुलींना हेच सर्वांत जड जाते, पण त्यांनी ते अवश्य करावे.

पुण्याला ही गोष्ट नवी नाही. गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे (१७९४–१८८१) यांची तालीम होती. मातंग समाजातील या वस्तादांकडे जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकले. आज त्या पेठेस महात्मा फुले पेठ म्हणतात. जोतीरावही तेथे एके दिवशी नवखेच असणार.

काही बांधव विचारतात, हे शीलात बसते काय? त्यावर बोधिधर्मांनी शाओलिनच्या भिक्षूंना ही विद्या शिकविली असा दाखला दिला जातो. तो आम्ही देत नाही. इतिहाससंशोधक ती कथा सतराव्या शतकातील एका ग्रंथापर्यंतच मागे नेतात. त्यापेक्षा फुनाकोशींचा नियम पुरेसा आहे: कराटे शिकणाऱ्याने पहिला वार करावयाचा नसतो.

पालकांनी वर्ग निवडताना एक दिवस कडेला बसून पाहावे. चुकलेल्या मुलास सर हसतात की पुन्हा दाखवितात, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. मासिक फी व पट्ट्याच्या परीक्षेची फी निराळी असते, तीही आधी विचारावी. आम्ही बँकवाले म्हणून सांगतो, घराचे गणित तेथेच चुकते. पोशाखाची घाई नको. चांगले सर सैल पायजम्यावरही चालवून घेतात.

मुलाबरोबर पहिल्या दिवशी कोणीतरी फाटकापर्यंत जावे, शक्यतो त्याच्याच वयाचे. आम्हांस मित्र होता. चौथ्या महिन्यात दोघांनी पैसे जमवून एकच पोशाख घेतला. परीक्षेच्या दिवशी मित्राची पाळी झाल्यावर तोच घामेजलेला पोशाख आम्ही अंगात चढविला. पट्टे मात्र दोन मिळाले.