हरवलेला पैसा, वाहिलेला पैसा

मसुऱ्याकडच्या आमच्या कलमांच्या बागेत तांब्याची नाणी निघतात. सोनं अजून निघालेलं नाही आणि निघू नये अशीच माझी इच्छा आहे. सोनं निघालं की भाऊबंद निघतात, मुंबईचे चुलते पहिल्या गाडीने गावाला येतात, सातबाऱ्यावरची झोपलेली सगळी नावं जागी होतात. तांब्याला कोणी विचारत नाही. शेजारची काकी गडग्यावरून वाकून चौकशी करते, "काय गावला रे झिला?" मी मातीने भरलेली हिरवट चकती दाखवतो. "तांबा? मगे कित्याक खणतस?" एवढं बोलून ती पुन्हा पातेरा गोळा करायला लागते.

मालवणात मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. मेटल डिटेक्टर घेतला तो धंद्यासाठी. तारकर्ली-देवबागच्या पाण्यात खेळताना पर्यटकांच्या ओल्या बोटांवरून अंगठ्या निसटतात आणि मग नवरा-बायको वाळूत गुडघ्यावर बसून एकमेकांकडे बघतात. तिथे हे मशीन कामाला येतं. सीझन संपला की ते माळ्यावर पडून राहायचं. एका कार्तिकात, भात कापून झाल्यावर, ते बागेत नेलं आणि तिथून तांब्याचा नाद लागला.

मशीनचं काम समजायला सोपं आहे. खालच्या थाळीत तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विजेचा प्रवाह जातो आणि थाळीखालच्या जमिनीत तसंच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या टापूत धातू असेल तर त्यात बारीक भोवरे घेणारे प्रवाह सुरू होतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि थाळीतलं दुसरं वेटोळं ते ऐकतं. हे उत्तर किंचित उशिरा येतं. किती उशिरा, त्यावरून धातूचा अंदाज बांधायचा. तांबं आणि चांदी ह्यांच्यातून वीज सहज वाहते, त्यांचा आवाज उंच आणि स्वच्छ येतो. गंजका खिळा घोगरा बोलतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल ह्याने 1881 साली असंच यंत्र घेऊन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड ह्यांच्या शरीरातली बंदुकीची गोळी शोधायचा प्रयत्न केला होता. गादीतल्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळ घातला, गोळी काही सापडली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलिश अधिकारी युझेफ कोसात्स्की ह्याने सुरुंग शोधायचं हातात धरता येणारं यंत्र बनवलं आणि ते 1942 मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात वापरलं गेलं. माझं मशीन त्याच घराण्यातलं.

पण वाळवंटात चालणारं यंत्र कोकणात चालेलच असं नाही. आमची जमीन जांभ्याची, लोहाने लाल झालेली. त्याच लोहासाठी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला रेडीत खाणी निघाल्या. मशीन इथल्या नुसत्या मातीलाच धातू समजतं. आधी जमिनीवर थाळी वरखाली करून मातीचा आवाज त्याला ओळखायला लावावा लागतो, मग त्यातून तो वजा करायचा. तरीही चिऱ्याच्या गडग्याजवळ गेलं की ते कुरकुरतं. परदेशातल्या काळ्या शेतजमिनीत दीड-दोन वितींवरचं नाणं ऐकू येत असेल. माझ्याकडे एक वीत मिळाली तरी पुष्कळ. त्यात काडतुसांच्या पितळी टोप्या, बाटल्यांची बुचं, गुटख्याच्या पुड्यांची चंदेरी आणि कौलारू घरांचे खिळे. आणि हो, फुरसं. पातेऱ्यात हात घालण्यापूर्वी काठीने ढवळायचं, हा नियम मशीनच्या पुस्तकात नसतो.

रानात पैसे येतात कुठून, असं मला पुष्कळजण विचारतात. त्यांना वाटतं, कुणीतरी हंडा पुरला असेल. खरं म्हणजे आज जे रान दिसतं ते रान नव्हतंच. गिरण्यांच्या काळात माणसं मुंबईला गेली, मागे राहिलेले म्हातारे गेले, घर बसलं, आणि दहा-पंधरा पावसाळ्यांत करवंदीने सगळं गिळलं. जंगलात चिऱ्याचं जोतं, बुजलेली विहीर, देवचाफा आणि बांबूचं बेट एकत्र दिसलं की तिथे वाडी होती समजावं. चाफा कोणी जंगलासाठी लावत नाही. दोन गडग्यांमधून जाणारी पाणंद आता शेवऱ्यांनी भरलेली असेल, पण तिच्यावरून बाजाराला जाणाऱ्या माणसांचे पैसे पडलेच असणार. चढणीच्या पायथ्याशी, जिथे डोक्यावरचं ओझं खाली ठेवून कमरेचा कसा सैल करत, तिथे मशीन हमखास बोलतं. खाडीवरच्या जुन्या तरीच्या धक्क्याजवळही. तरीतून उतरताना पैसे हातात घ्यावे लागत आणि ओल्या हातातून ते चिखलात जात.

आमच्या कालावलच्या खाडीची गंमत म्हणजे तिच्या एका काठाला सावंतांचा भरतगड आणि पलीकडच्या काठाला बावडेकर अमात्यांचा भगवंतगड. उत्तरेला विजयदुर्ग आधी आंग्र्यांकडे, मग पेशव्यांकडे. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडून 1812 साली इंग्रजांकडे गेले. दक्षिणेला तेरेखोल ओलांडली की पोर्तुगीज. दोन-चार दिवसांच्या चालीत इतकी राज्यं, आणि बाजारात मीठ घेणाऱ्याच्या हातात सगळ्यांचे पैसे. म्हणून बागेत शिवराईच्या शेजारी कंपनीचा पैसा निघतो तेव्हा मला त्यात काही आश्चर्य वाटत नाही.

शिवराईबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार. शिवाजी महाराजांनी 1674 च्या राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', कडेला ठिपक्यांचं वर्तुळ. वजन साधारण 11 ते 13 ग्रॅम. पण महाराजांच्या नावाची ही शिवराई पुढे छत्रपतींच्या वारसांच्या आणि पेशव्यांच्या काळातही पडतच राहिली, नाव तेच ठेवून. उत्तर पेशवाईतली दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई तर पोत्यांनी पडली असावी इतकी ती आजही मिळते. इंग्रजी अमलातही ही नाणी खेड्यापाड्यांत चालत राहिली. त्यामुळे हातात शिवराई आली की "महाराजांच्या हातचं नाणं" म्हणून डोळे भरून येतात ते मी समजू शकतो, पण शंभरातली नव्वद तरी नंतरची असतात असं मी मनाशी धरून चालतो. नाणेतज्ज्ञ अक्षरांची वळणं, ऱ्हस्व-दीर्घ, ठिपके पाहून त्यांचे प्रकार लावतात. साधी दुदांडी नाणेबाजारात शे-दोनशे रुपयांना मिळते.

कंपनीचे पैसे ओळखायला सोपे. मुंबई इलाख्यासाठी 1804 साली इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडलेल्या नाण्यांवर एका बाजूला कंपनीचं चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला तराजू आहे; दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत 'अदल', म्हणजे न्याय. 1835 नंतर सगळ्या मुलखाला एकच नाणं झालं; पाव आण्याचं वजन 100 ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅमच्या आसपास. 1862 पासून राणी व्हिक्टोरियाचा चेहरा, 1877 पासून तीच 'एम्प्रेस'. 1906 पासून शुद्ध तांबं जाऊन कांसं आलं. 1943 ते 1947 मधला भोकाचा पैसा आमच्या आजीच्या पिढीने करगोट्यात ओवला. आणि मध्येच एखादा पोर्तुगीज पाव टांगा. 1881 सालचा पाव टांगा हातात आला की मला बेलची ती फसलेली खटपट आठवते. दोघांचं साल एकच.

तांब्याचा पैसा हाती आला की पहिला मोह होतो तो घासायचा. आमच्याकडे देवाची भांडी आमसुलाने नाहीतर चिंचेने लख्ख करायची सवय, त्यामुळे घरातलं कोणीही "आण हकडे" म्हणून हात पुढे करतं. देऊ नका. त्या हिरव्या थरातच अक्षरांच्या कडा टिकलेल्या असतात. आम्लाने थर गेला की अक्षरंही जातात. साध्या पाण्यात माती भिजवून मऊ करावी, बांबूच्या काडीने हळू काढावी, बस्स. खाऱ्या चिखलातल्या नाण्याला वेगळंच दुखणं असतं: मिठातलं क्लोराइड आत बसतं आणि दमट हवेत फिकट हिरवी भुकटी सुटत राहते. अशी नाणी ऊर्ध्वपातित पाण्यात वरचेवर पाणी बदलून ठेवावी लागतात आणि पुढे कोरड्या जागी. आमच्या पावसात कोरडी जागा म्हणजे सिलिका जेलच्या पुड्या टाकलेला घट्ट झाकणाचा डबा.

आता कायदा. 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची कुठलीही वस्तू सापडली तर शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कधी. आमच्यासाठी म्हणजे ओरोसला. न कळवल्यास वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. वस्तूचा कोणी मालक पुढे आला नाही आणि शोधणारा व जमीनमालक ह्यांच्यात वेगळा करार नसेल, तर शोधणाऱ्याला तीन हिस्से, जमीनमालकाला एक. मात्र सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन ती घेता येते. हे वाचून मी हिशेब केला. बारा ग्रॅम तांब्याचे तेव्हा दहा-बारा रुपये होत होते. म्हणजे शिवराईची सरकारी किंमत साडेचौदा रुपयांच्या पलीकडे जात नव्हती, आणि ती लपवली तर एक वर्ष. इतका स्वस्त मोबदला आणि इतकी कडक शिक्षा असेल तर माणूस काय करणार हे सांगायला ज्योतिषी नको. मला हा कायदा सुधारायला हवा असं वाटतं, मोडायला हवा असं वाटत नाही.

शिवाय 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याने सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे केंद्राचं संरक्षण असलेले किल्ले. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांतही ते आहेत. तिथे खणणं हा गुन्हा. राखीव वनात जमीन फोडायला 1927 च्या वन कायद्याने बंदी. शंभर वर्षांवरचं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, 1972 च्या कायद्याने. तेव्हा मशीन चालवायचं ते स्वतःच्या नाहीतर परवानगी घेतलेल्या खाजगी जमिनीत. मला पुण्या-मुंबईहून फोन येतात, "गडाच्या उतारावर एक रात्र जाऊया." रात्र कशाला हवी, ह्यातच सगळं आलं.

2025 च्या मार्चमध्ये 'छावा' सिनेमा पाहून बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी माणसं टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन रात्री शेतं उकरत होती. मुघलांचा खजिना हवा होता. कोणाला काय मिळालं ते मिळो. कुठल्या थरात, कशाशेजारी काय होतं हे आता कधीच कळणार नाही. ह्याच्या उलट गोष्ट इंग्लंडमधल्या हॉक्सन गावची. 1992 साली एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला म्हणून त्याचा मित्र एरिक लॉज डिटेक्टर घेऊन गेला आणि त्याला रोमन सोन्या-चांदीचा साठा लागला, पंधरा हजारांच्या आसपास नाणी. त्याने खणणं थांबवलं आणि कळवलं. पुरातत्त्ववाल्यांनी साठा जागेवरच उकलला, कुठली वस्तू कशात गुंडाळली होती तेसुद्धा कळलं. भरघोस बक्षीस मिळालं, ते त्याने शेतकऱ्यासोबत वाटून घेतलं. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिथे 1997 पासून सापडलेल्या किरकोळ वस्तूंचीही नोंद घेणारी योजना चालते आणि दहा लाखांहून जास्त वस्तू तिच्यात नोंदल्या गेल्या आहेत.

नोंदीने काय होतं ते बघायला लंडनला जायला नको. आमच्याच जिल्ह्यात खारेपाटणला तांब्याचे पत्रे सापडले होते, शके 930 चे, म्हणजे इसवी 1008. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ते वाचून छापले. दक्षिण कोकणच्या शिलाहारांच्या दहा पिढ्या त्या पत्र्यांमुळे उजेडात आल्या. तांबटाच्या भट्टीत गेले असते तर दोन हंडे झाले असते.

म्हणून मी वही ठेवतो. जागा, खोली, शेजारी काय होतं, नाणं कुठल्या बाजूवर पडलेलं होतं. आणि आणखी एक रकाना, जो कुठल्या सरकारी अर्जात नाही: हे नाणं हरवलेलं की वाहिलेलं? पाणंदीतला पैसा हरवलेला. पण देवराईतल्या वारुळाजवळचा, मूळ पुरुषाच्या घुमटीपुढचा, विहिरीच्या तळाचा, घराच्या पायात घातलेला पैसा कोणीतरी हात जोडून ठेवलेला असतो. त्याला शोधणं मला पटत नाही. आमच्या देवराईत मी मशीन चालू करत नाही. राखणदाराला भिऊन, असं म्हणा हवं तर. भीती नाही असं मी छातीठोक सांगणार नाही.

आमच्या वाडीची पद्धत अशी की दुसऱ्याच्या बागेत जायचं तर मालकाची परवानगी, आणि जागेवाल्याला, म्हणजे तिथल्या राखणदाराला, गाऱ्हाणं. नारळ ठेवायचा, वाडीतला जाणता माणूस बोलतो, "बा म्हाराजा, आज ह्यो झील तुझ्या जाग्यात येता हा..." आणि बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" जे सांगायचं ते सगळं त्यात येतं: कोण आला, कशासाठी, मिळालं तर काय करणार, किती वाटा कोणाचा. साक्षीदार दहाजण. 1878 च्या कायद्याला लेखी जे हवं आहे, ते आमचा जाणता आधीच तोंडी सांगून मोकळा होतो.

परवा काकीने स्वतःहून हाक मारली. तिच्या सुनेचं पैंजण कुणग्यात पडलंय, लावणी करताना. चांदीचं आहे, मशीन बोलेल. चिखल जरा सुकला की जायचं आहे. तिकडे मी पैसे घेणार नाही, पण आंबोळ्या ठरल्या आहेत.