नावाची खोती

जमीन कसणारे कूळ एक, त्याच्याकडून वसूल घेणारा खोत दुसरा आणि त्या वसुलातील ठरीव जमा तिजोरीत भरून घेणारे सरकार तिसरे, अशी जी व्यवस्था रत्नागिरी जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदली, जिला 1880 च्या कायद्याने रेखीव रूप दिले, जिच्या उच्छेदासाठी डॉ. आंबेडकरांनी 1937 साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले आणि जी अखेर 1949 च्या कायद्याने संपुष्टात आली, तिचे स्मरण रीबॉक या क्रीडासाहित्याच्या नाममुद्रेचा इतिहास वाचताना मला वारंवार झाले.

इंग्लंडातील बोल्टन या गिरण्यांच्या गावी जोसेफ विल्यम फॉस्टर हा कारागीर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धावपटूंसाठी खिळ्यांचे बूट शिवू लागला. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची शर्यत जिंकणाऱ्या हॅरोल्ड एब्राहम्सच्या पायांत त्याच्याच कारखान्याचे बूट होते. पुढे वडील व चुलते यांच्यातील भाऊबंदकीला (ती काही कोकणाचीच मिरासदारी नव्हे) विटून नातू ज्यो व जेफ 1958 साली बाहेर पडले, बरी येथे मर्क्युरी नावाने निराळा कारखाना त्यांनी थाटला, आणि ते नाव अन्य कोणी आधीच नोंदविलेले निघाल्यामुळे आफ्रिकेतील एका हरणाचे नाव उचलले. येथवर नाव, कारखाना आणि मालक एकाच घरचे होते.

1979 साली पॉल फायरमन या अमेरिकन व्यापाऱ्याने उत्तर अमेरिकेतील विक्रीचा परवाना घेतला आणि ही एकी मोडली. दोन वर्षांनी त्याच्या अमेरिकन कंपनीचा निम्म्याहून अधिक हिस्सा ब्रिटनच्या पेंटलँड समूहाने अवघ्या 77,500 डॉलरना खरेदी केला. 1982 साली खास स्त्रियांसाठी काढलेल्या, एरोबिक्सच्या ‘फ्रीस्टाइल’ बुटाने तिकडे असा काही धुमाकूळ घातला, की 1984 मध्ये परवानेदारांनी मूळ ब्रिटिश कंपनीच विकत घेतली. कुळाने खोताचा वाडा घ्यावा, असाच तो प्रकार. पेंटलँडने आपला उरलेला हिस्सा 1991 साली विकला, तेव्हा त्याचे 77 कोटी 70 लाख डॉलर आले. फॉस्टर बंधूंच्या कारागिरीला एवढे मोल कधी मिळाले नसते.

2006 मध्ये आदिदासने सुमारे 380 कोटी डॉलर मोजून रीबॉक घेतले ते नायकीला शह देण्यासाठी. तो बेत फसला, आणि 2022 मध्ये सुमारे 210 कोटी युरोंच्या व्यवहारात ते न्यूयॉर्कच्या ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपकडे गेले. या समूहाचा धंदा बूट शिवण्याचा नव्हेच. तो नाव बाळगतो, देशोदेशी त्याचे मक्ते देतो आणि स्वामित्वशुल्क वसूल करतो. अर्थात शिवणारा कूळ, विकणारा खोत, आणि सरकार न्यूयॉर्कला. मात्र येथील कूळ पिढीजात नाही, करार संपला की त्याचा संबंधही संपतो.

1995 मध्ये भारतात आलेल्या या नावाचा येथील मक्ता आदिदासकडून सुटल्यावर मुंबईच्या आदित्य बिर्ला फॅशन अँड रिटेलकडे आला. मातीत अनवाणी कबड्डी खेळणाऱ्यांच्या रत्नागिरी जिल्ह्यातही मॅटबरोबर बूट आलेच. त्या बुटावरील नावाचा धनी कोण, हे विचारण्याचे कारण खेळाडूला पडत नाही. 2025 साली बिर्लांच्या त्या कंपनीचे विभाजन होऊन रीबॉकचा मक्ता आदित्य बिर्ला लाइफस्टाइल ब्रँड्स या नव्या कंपनीच्या नावे चढला, आणि फेरफाराच्या या नोंदवहीत आणखी एक ओळ पडली.