वांगे कोणाचे?



जनुकबदल केलेल्या अन्नाचा विषय निघाला की सभेत दोन तट पडतात. एक म्हणतो, हे विष आहे. दुसरा म्हणतो, विरोध करणारे अडाणी आहेत. मला दोन्ही मते अपुरी वाटतात.

बीटी वांग्याचेच उदाहरण घेऊ. शेंडे व फळे पोखरणाऱ्या अळीमुळे वांग्यावर वारंवार औषध फवारावे लागते. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक वांग्यात घातले म्हणजे झाड स्वतःच एक प्रथिन तयार करते. ते अळीच्या आतड्याला चिकटते आणि अळी मरते. माणसाच्या आतड्यात त्याला चिकटण्यास जागा नाही, असे शास्त्रज्ञ सांगतात. १४ ऑक्टोबर २००९ रोजी सरकारी मान्यता समितीने या वांग्याला संमती दिली. पुढे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी लागवड तहकूब केली.

मग लोक केवळ भ्याले होते काय? २००२ पासून आपल्याकडे बीटी कापसाला परवानगी आहे. त्याच्या सरकीचे तेल आपण खातो, पेंड गुरे खातात. शुद्ध केलेल्या तेलात ते प्रथिन जवळजवळ उरत नाही, हे खरे. पण तेवढी चौकशी करून तेल घेणारे किती?

कारखान्यात नवे यंत्र आले की कामगार दोन प्रश्न विचारतो. याने हात तर जाणार नाही ना? आणि वाढलेले उत्पन्न कोणाच्या पदरात पडणार? पहिल्याच्या उत्तराने दुसरा मिटत नाही. बियाण्याचेही तसेच आहे. संकरित बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. बांगलादेशाने २०१३ साली ज्या बीटी वांग्याला परवानगी दिली, त्यातले जनुक जालन्याच्या महिको कंपनीकडूनच गेलेले. परंतु वाण तेथील सरकारी संशोधन संस्थेचे आणि सरळ, म्हणून शेतकरी बी घरी राखू शकतो. आपल्याकडेही धारवाड व कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांनी असे सरळ वाण तयार केले होते. तहकुबीत तेही अडकले.

तेव्हा कंपनीवरचा राग विज्ञानावर काढू नये, आणि विज्ञानाचे नाव पुढे करून कोणी मालकीचा प्रश्न दडपू लागला तर त्याला थांबवावे. अळी कशाने मरते हे प्रयोगशाळा सांगेल. बी कोणाच्या हाती राहावे, हे मात्र तुम्हाआम्हालाच ठरवावे लागेल.