मालमोटार ठरविण्यापूर्वीं

बदलीचा हुकूम हातीं पडला, कीं घरांतील वडील मंडळी प्रस्थानाचा दिवस पाहूं लागतात, बायका भांड्यांची मोजदाद करतात. आणि मालमोटार ठरविण्याचें काम मात्र 'स्वस्त तें बरें' या न्यायानें उरकलें जातें. गेल्या वर्षीं आमच्या धाकट्या बंधूंची पुण्याहून नागपुरास बदली झाली, तेव्हां आम्हींहि तेंच केलें. ठरल्या दिवशीं दारांत गाडी उभी राहिली. तिचा क्रमांक सरकारच्या 'एम-परिवहन' ॲपवर घालून पाहतों, तों तिच्या योग्यता-प्रमाणपत्राची मुदत केव्हांच संपलेली! गाडी परत पाठविली. दिवस फुकट गेला, विसारहि बुडाला. पण त्याचा खेद आम्हांस वाटत नाहीं. ब्रेक नादुरुस्त असलेली गाडी उतारावर सुटली, म्हणजे प्रश्न आपल्या कपाटाचा उरत नाहीं. पुढच्या मोटारींतील मुलाबाळांचा होतो.

म्हणून कांहीं गोष्टी सामान बांधण्यापूर्वींच पहाव्या. माल गोळा करून पावतीवर पोंचविणाऱ्या कंपनीची २००७ च्या रस्तामार्गें मालवाहतुकीच्या कायद्यान्वयें नोंदणी लागते. तो दाखला मागावा. येणाऱ्या गाडीचा क्रमांक आगाऊ घेऊन योग्यता-प्रमाणपत्र व विमा यांच्या मुदती पहाव्या, आणि दारीं तीच गाडी आली ना, हेंहि ताडून पहावें. ड्रायव्हरजवळ मालवाहू गाडीचा चालू परवाना आहे ना, व सोबत दुसरा ड्रायव्हर आहे ना, हें विचारावें. नागपूर पुण्याहून सुमारें सातशें किलोमीटर. एकाच माणसानें रात्रभर गाडी हांकावयाची असेल, तर तो स्वस्त दर त्याच्या झोपेंतून काढलेला असतो.

गाडीचा सक्तीचा विमा त्रयस्थाच्या हानीसाठीं असतो. आपल्या सामानाचा विमा निराळा उतरवावा. सामानाची किंमत लेखी जाहीर करून त्याप्रमाणें जास्त दर ठरविला नसेल, तर कंपनीची जबाबदारी भाड्याच्या दसपटीपुरतीच राहते. नुकसान झाल्यास माल नोंदविल्यापासून १८० दिवसांचे आंत लेखी नोटीस द्यावी लागते. यास्तव पावती जपून ठेवावी.

"ओळखीचा माणूस आहे, कागद काय पहावयाचे?" असें म्हणणारें कोणी तरी घरोघर असतेंच. पण सोयरीक जुळवितांना ओळखीच्या घरचीहि चौकशी आपण करतों, आणि त्यांत कोणी अपमान मानीत नाहीं. चोख धंदा करणारा मालमोटारवालाहि तो मानणार नाहीं. जो मानील, त्याच्या गाडींत आपलें सामान न चढविणेंच बरें.