मानेचा रिपोर्ट आणि जिवाचा घोर

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये कामाच्या ओळी दोनच असतात. सी-फाइव्ह आणि सी-सिक्स मणक्यांमधली डिस्क किंचित फुगली आहे. मानेचा नैसर्गिक बाक थोडा कमी झाला आहे. डॉक्टर म्हणतात, ‘विशेष काही नाही, व्यायाम करा.’ पण मुद्दाम कोल्हापूरला जाऊन तपासणी करून आलेल्या रत्नागिरीकराला परतताना आंबा घाटातच ती ‘फुगलेली डिस्क’ छळू लागते. घरी पोहोचेपर्यंत मोबाइलवर पक्षाघातापासून कर्करोगापर्यंत सगळं वाचून झालेलं असतं.

त्या ओळींना घाबरायचं किती? जपानमध्ये नाकाशिमा आणि सहकाऱ्यांनी मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय काढले. २०१५ साली निष्कर्ष छापून आले: ८७.६ टक्के लोकांच्या डिस्क फुगलेल्या! विशीतल्या तरुणांतही चारांपैकी जवळजवळ तिघांच्या. हे सगळे ठणठणीत, बरं का. त्यामुळे मान दुखतेय आणि डिस्क फुगलीय, या दोन गोष्टी एकाच माणसात सापडल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली, असं ठरत नाही.

मोबाइलची भीतीही अशीच फुगवलेली. मान ६० अंशांत वाकवली की तिच्यावर २७ किलोंचा भार पडतो, हे चित्र एव्हाना प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरून गेलंय. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यविशारदाचं हे २०१४ मधलं गणित. गणितच, कारण ते संगणकी प्रारूपावर मांडलेलं होतं. कुणाची मान दुखली का, हे त्यात तपासलेलंच नव्हतं. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या १५० तरुणांवर ते तपासलं गेलं, तेव्हा मोबाइल बघतानाची मानेची ठेवण आणि मानदुखी यांचा संबंध सापडला नाही.

मग दुखतं ते खोटं का? मुळीच नाही. स्वीडनमध्ये उल्फ लुंडबर्ग यांनी १९९४ साली स्त्रियांना तोंडी गणितं घालून त्यांच्या मानेपासून खांद्यापर्यंतच्या स्नायूची विद्युतहालचाल मोजली. कुठलंही ओझं न उचलता, नुसत्या मानसिक ताणानं तो स्नायू आवळत होता. ज्याला दिवसभर ‘आपल्याला काहीतरी मोठं झालंय’ असंच वाटतंय, त्याचे खांदे सैल राहणार कसे? त्यात तो मान दहादा वळवून कट्कन वाजते का बघतो, बोटांनी गाठी चाचपतो. चाचपून चाचपून ती जागा हुळहुळी होते आणि शंकेला नवा पुरावा मिळतो.

या चक्रातली खरी मेख ब्रिटनच्या पॉल साल्कोव्हस्किस आणि हिलरी वॉरविक यांनी १९८६ मध्ये दाखवली. घरी कुणी आजाराच्या काळजीनं हैराण झालं की आपण काय करतो? धीर देतो. ‘काही नाही झालं तुला,’ असं पुन्हा पुन्हा सांगतो. या दोघांचं म्हणणं, हा धीरच काळजीला खतपाणी घालतो. निजण्यापूर्वी दाराची कडी लावली का, हे उठून उठून बघणाऱ्या माणसासारखं ते आहे: बघितलं की हायसं वाटतं, थोड्या वेळानं शंका परत येते आणि पुन्हा उठावंसं वाटतं. त्यांनी अभ्यासलेले रुग्ण मोजकेच होते, पण आरोग्यचिंतेवरची आजची उपचारपद्धती बरीचशी याच विचारावर उभी आहे.

तिची मोठी चाचणी मानसोपचारतज्ज्ञ पीटर टायरर यांनी घेतली. ‘लॅन्सेट’मध्ये ती २०१४ साली आली. रुग्ण ४४४. वर्षभरानं चिंता सामान्य पातळीवर आलेले या पद्धतीचे उपचार घेणाऱ्यांत १४ टक्के, नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत ७ टक्के. जादू नव्हे, पण दुप्पट. आणि उपचार देणाऱ्यांत सरस कोण ठरलं? परिचारिका! तज्ज्ञांचा दुष्काळ असलेल्या आपल्या जिल्ह्यांनी हे लक्षात ठेवावं.

अशा काळजीवर मदत मागायला रत्नागिरीत मनोरुग्णालय १८८६ पासून आहे. तरीही ‘येड्यांच्या हॉस्पिटलात कोण जाणार’ म्हणत लोक त्या फाटकाकडे पाठ फिरवतात आणि तिसऱ्या एमआरआयला पैसे मोजतात.

मग करायचं काय? अपघातानंतर मान दुखत असेल, ताप येऊन ती ताठरली असेल, हातातली ताकद कमी होत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवरचा ताबा सुटत असेल, किंवा छातीत दुखून कळ मानेत-जबड्यात जात असेल, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठा. यातलं काही नसेल आणि डॉक्टरांनी एकदा नीट तपासलं असेल, तर शेक घ्या, मान हलती ठेवा, चाला आणि पुढची तपासणी स्वतःहून मागू नका. काळजी झोप उडवत असेल तर ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फिरवा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.