स्पीकर पाच की दोन? गिऱ्हाईक कशावर ऐकतं ते आधी बघा



केजकडचा एक मुलगा आमच्या प्रशिक्षणाला होता. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडून कच्चा व्हिडिओ आणायचा आणि घरच्या कॉम्प्युटरवर एडिटिंग करून द्यायचं, हा त्याचा धंदा. भांडवल उसनवारीचं. कॉम्प्युटर घेऊन जे पैसे उरले, त्यात त्याने 5.1 चा सराऊंड संच घेतला. पाच स्पीकर आणि एक दणकट सबवूफर. मला म्हणाला, "सर, आवाजाचं काम आहे, मग आवाज भारीच पाहिजे ना?"

पहिलंच लग्न. घरी ऐकलं तर थिएटरसारखा आवाज. गिऱ्हाइकाने मोबाईलवर लावलं, तर मंगलाष्टकं वाजंत्रीखाली गाडलेली. नवरीच्या आईचा फोन आला, "भाऊ, ह्याच्यात मंगलाष्टकं कुठं हायेत?" दोन रात्री जागून काम परत करून द्यावं लागलं. वर शेवटच्या हप्त्यातले पैसे कापले गेले ते वेगळेच.

स्पीकर खराब नव्हते. त्या कामाला ते चुकीचे होते. म्हणून आज हा विषय नीट समजून घेऊ.

आवाज हरवला कुठे?

5.1 म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला असे तीन स्पीकर, बाजूला-मागे दोन, आणि ".1" म्हणजे फक्त खालचा, घुमणारा आवाज देणारा सबवूफर. सिनेमात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून ते स्पष्ट ऐकू येतात.

लग्नाचा व्हिडिओ मात्र साधारणपणे दोनच चॅनेलचा, म्हणजे स्टिरिओ असतो. काही संच स्टिरिओतला दोन्हीकडे सारखा असलेला आवाज वेगळा काढतात आणि मधल्या स्पीकरला देतात. त्यामुळे आपल्या पोराला मंगलाष्टकं खणखणीत ऐकू येत होती. "एवढी पुरे" म्हणून त्याने ती कमी ठेवली. मोबाईलच्या चिमुकल्या स्पीकरमध्ये सगळं एकत्र झालं आणि वाजंत्रीने बाजी मारली.

सबवूफरही असाच फसवतो. कोपऱ्यात ठेवला की घुमणारा आवाज आणखी फुगतो. एडिटिंग करणाऱ्याला वाटतं बेस जास्त झाला, तो कमी करतो. मग गिऱ्हाइकाच्या टीव्हीवर तेच गाणं पातळ ताकासारखं वाजतं.

धंद्याच्या कामाला दोन चांगले

तुमचं गिऱ्हाईक मोबाईल आणि टीव्हीवर ऐकतं ना? मग एडिटिंग, क्लासचे व्हिडिओ, जाहिरातीचा आवाज अशा कामांना दोन बऱ्यापैकी स्पीकर आणि एक चांगला हेडफोन पुरतो.

मांडणीला पैसे लागत नाहीत. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा सारख्या बाजूंचा त्रिकोण झाला पाहिजे. स्पीकर कानाच्या उंचीवर, तोंड तुमच्याकडे, भिंतीला न चिकटवता. काम संपलं की तोच व्हिडिओ मोबाईलवर आणि एकदा टीव्हीवर ऐकायचा. तीन ठिकाणी शब्द कळले, तरच गिऱ्हाइकाला द्यायचा. ही सवय महागड्या संचापेक्षा जास्त कमावून देते.

मग सराऊंड कधी घ्यायचा?

सिनेमे बघायचेत, गेम खेळायचेत, गेमिंगचं सेंटर टाकायचंय, तर जरूर घ्या. मजा आहेच. पण पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा.

1. ऐकणार काय? मूळ आवाज 5.1 चा असेल तरच पाच स्पीकरांना स्वतंत्र काम मिळतं. जुनी गाणी, भजनं, कीर्तनाची रेकॉर्डिंग, कॉम्प्युटरवर पाहिलेले बहुतेक ऑनलाइन व्हिडिओ स्टिरिओच असतात.

2. जोडणार कुठे? डेस्कटॉपच्या मागे रंगीत छिद्रं बघा. हिरवं पुढच्या स्पीकरांचं, काळं मागच्यांचं, केशरी मधल्या स्पीकरचं आणि सबवूफरचं. तीनच छिद्रं असतील तर अनेक मदरबोर्डवर निळं आणि गुलाबी छिद्र सेटिंग बदलून या कामाला लावता येतं. लॅपटॉपला हेडफोनचं एकच छिद्र असतं, त्यातून दोनच चॅनेल निघतात. तिथे 5.1 चं यूएसबी साऊंड कार्ड लागतं, किंवा एचडीएमआय घेणारा रिसीव्हर. हा खर्च आधीच धरा. ब्लूटूथने जोडलं तर साधारण दोनच चॅनेल मिळतात आणि आवाज थोडा मागे पडतो. एडिटिंगमध्ये ओठ आधी हलतात, शब्द नंतर येतो.

3. ठेवणार कुठे? पुढचे दोन स्पीकर मधल्या रेषेपासून साधारण 30 अंशांवर, मागचे दोन 110 अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरा मागे. खुर्ची मागच्या भिंतीला टेकलेली असेल तर मागचे स्पीकर नीट बसत नाहीत. वायर दारातून जाणार असेल, तर कुणाच्या तरी पायात अडकून स्पीकर खाली येणार हे नक्की.

तिन्ही उत्तरं "हो" आली तर घ्या. एक जरी "नाही" आलं तर थांबा.

आपली खोली, आपला पत्रा

आपल्याकडे बऱ्याच घरांत वर पत्रा, खाली शहाबादी फरशी, आणि भिंती मोकळ्या. अशा खोलीत आवाज आदळून परत येतो, शब्द विस्कटतात. तिथे दहा हजारांचा संचही वायाच. पैसे न घालता होणारा उपाय म्हणजे खाली सतरंजी, दारा-खिडकीला जाड पडदा, आणि स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर आईची एखादी वाकळ. मोकळ्या खोलीत टाळी वाजवा, मग वाकळ टांगून परत वाजवा. फरक स्वतःच्या कानांनी कळेल. पावसाळ्यात पत्रा वाजत असताना मात्र हेडफोनच लावायचा.

दुकानात गेल्यावर

• खोक्यावरच्या "PMPO" च्या हजारो वॉटला भुलू नका. "RMS" किती ते विचारा. 10 बाय 12 च्या खोलीत टेबलाशी बसून ऐकायला RMS 20-30 वॉटसुद्धा पुरतात.
• दुकानदार लावेल ते गाणं ऐकू नका. पेनड्राइव्हवर तुमचंच सामान न्या. एक भाषण, एक मंगलाष्टकांची रेकॉर्डिंग, एक गाणं. सगळं निम्म्या आवाजावर ऐका.
• काहीच न लावता आवाज पूर्ण वाढवा. 'गूं' असा आवाज येतो का बघा.
• बिघडलं तर दुरुस्ती बीडमध्येच होते की छत्रपती संभाजीनगरला पाठवावं लागतं, हे विचारा. लग्नसराईत आठ दिवस स्पीकर नसले तर धंदा बसतो.
• पक्कं बिल घ्या. वॉरंटीलाही लागतं, हिशेबालाही.

आता हिशेब

समजा तुम्ही मुद्रा योजनेच्या शिशु गटातून, जिथे 50,000 रुपयांपर्यंत कर्ज मिळतं, पूर्ण रक्कम घेतली. 8,000 चा संच घेतला तर 16 टक्के भांडवल स्पीकरमध्ये गेलं. एका लग्नामागे खर्च जाऊन हातात 1,000 उरत असतील, तर आठ लग्नं फक्त स्पीकर फेडायला. शिवाय व्याज. तेच 3,000 मध्ये भागवलं तर तीन लग्नांत मोकळे. उरलेल्या 5,000 मध्ये जादा हार्ड डिस्क येते, म्हणजे गिऱ्हाइकाचं लग्न हरवायची भीती कमी.

आणि तुमच्यातल्या कुणाला माजलगाव, गेवराई, परळीसारख्या ठिकाणी कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान काढायचं असेल, तर वरचे तीन प्रश्न काउंटरवर लिहून ठेवा. गिऱ्हाइकाने 5.1 मागितला आणि त्याला दोनच स्पीकर पुरणार असतील, तर तसं तोंडावर सांगा. त्या दिवशी गल्ला थोडा कमी भरेल, पण तेच गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात मेहुण्याला घेऊन येईल.

केजचा तो पोरगा? त्याने संच विकला नाही, घरच्यांना सिनेमा बघायला बाहेरच्या खोलीत लावला. स्वतःच्या टेबलावर दोन छोटे स्पीकर ठेवले. आता प्रत्येक व्हिडिओ आधी आईच्या मोबाईलवर लावतो आणि विचारतो, "माय, मंगलाष्टकं येतेत का ऐकू?" ती "हो" म्हणाली की मगच पेनड्राइव्ह बाहेर पडतो.

तुमच्या धंद्यातही अशी एक "माय" ठरवा. गिऱ्हाइकासारखं ऐकणारी, बघणारी, वापरून सांगणारी. मगच पैसे खर्च करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!